शलाका अडखळत नाही

अकरावीत असताना शलाका बोधनकर यवतमाळच्या जिल्हास्तरीय वादविवाद स्पर्धेत भर मंचावर नऊ सेकंद गप्प उभी राहिली होती. 'शेतात माणसाऐवजी यंत्रमानव असावेत' असा विषय होता आणि ती अनुकूल बाजूने बोलत होती. खंडनाच्या फेरीत समोरच्या शाळेच्या मुलानं विचारलं, "यंत्राला बांधावरचं भांडण मिटवता येईल हो, पण बांधावर बसून दोन घरांनी भाकरी खाल्ली ते त्याला कुठे कळणार?" या प्रश्नाला द्यायचं उत्तर शलाकाला पाठ होतं. तोंडही उघडलं. पण तेवढ्यात तिला वाटलं, बरोबर बोलतोय हा. आणि ती थांबली. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं, कोणीतरी खोकलं, घंटा वाजली. शलाका उत्तेजनार्थमध्येसुद्धा आली नाही.

परतताना स्कूटरवर ती बाबांच्या पाठीला डोकं टेकून रडत होती. मुकुंद बोधनकर भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक होते. जमिनी आता ड्रोन मोजत. पण मोजणी झाल्यावर दोन भाऊ हमरीतुमरीवर आले की साहेब बोधनकरांनाच पाठवत. ते दोघांचं ऐकून घेत आणि मग इतक्या सावकाश बोलत की भांडणाऱ्यांचा दम आधीच संपलेला असे. घरी भाजी कोणती करू असं विचारलं, तरी कुकरची एक शिट्टी होईपर्यंत त्यांचं उत्तर येत नसे.

"मला ते नऊ सेकंद आवडले," ते म्हणाले.

"हरले मी, बाबा!"

"हरलीस नं. पण त्या पोराचं तुला पटलं, ते मला मागच्या खुर्चीवरून दिसलं. तुझ्या मनात शंका आली की तू थांबतेस. लहानपणापासून."

शलाकाला त्या क्षणी बाबांचा भयंकर राग आला. समजूत घालायची ही काय पद्धत झाली?

कॉलेजात गेल्यावर तिला प्रा. ललिता जिरापुरे भेटल्या. वादविवाद मंडळ त्यांच्याकडे होतं. स्वतः एकेकाळी विद्यापीठ गाजवलेल्या, पोरांवर जीव टाकणाऱ्या. वादविवादात संघ दोघांचा असतो. एक जण विषयाच्या बाजूने बोलतो, दुसरा विरुद्ध. जिरापुरे मॅडमनी शलाकाची जोडी निहाल मेश्रामशी लावली. निहाल आर्णीचा, उंच, बोलताना एका खांद्यावर किंचित कलणारा. दोघांची पहिल्या आठवड्यातच गट्टी जमली, कारण दोघंही एकमेकांचे मुद्दे निर्दयपणे खोडत आणि मग एकाच प्लेटमधला आलुबोंडा खात.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मॅडम एक खोका घेऊन आल्या. त्यात ओघपट्ट्या होत्या. एका संशोधन संस्थेनं चाचणीसाठी काही कॉलेजांना दिल्या होत्या. कातडीच्या रंगाची, बोटभर रुंदीची पट्टी. कानामागून निघून गळ्यावर चिकटायची.

"आपण मनात नुसतं वाक्य जुळवलं," मॅडम समजावू लागल्या, "तरी मेंदूकडून जिभेच्या आणि स्वरयंत्राच्या स्नायूंना फार क्षीण विद्युतसंदेश जातात. म्हणजे शब्द तोंडाबाहेर पडायच्या आधी घशात उतरलेला असतो. ही पट्टी तो घशातच वाचते. आता दुसरी गोष्ट. मेंदूच्या उजव्या बाजूला, कपाळाच्या मागे, एक ब्रेक असतो. काही शंका आली की तो दाबला जातो, मग आपण 'अं' करतो, अडखळतो. ब्रेक दाबला जाण्याच्या बेतात असतो तेव्हाच घशातले संदेश डगमगतात. ते पट्टीला कळतं, आणि ती कानाजवळच्या एका मज्जातंतूला बारीकशी गुदगुली करते. त्या तंतूची वाट थेट मेंदूच्या बक्षीस देणाऱ्या भागाशी जोडलेली आहे. मेंदूला वाटतं, न थांबता पुढे गेलो, छान झालं. दोनशे तास असा सराव झाला की मेंदूला सवय लागते. मग पट्टीची गरजच नाही."

"पण मॅडम, ब्रेक कशासाठी असतो मग?" निहालनं विचारलं.

"स्टेजवर फजिती करण्यासाठी," मॅडम म्हणाल्या आणि सगळे हसले.

निहालनं पट्टी तीन आठवडे वापरली आणि परत केली. "बोलून झाल्यावर मला कळतं मी काय बोललो ते," तो म्हणाला. "मला आधी कळलेलं बरं वाटतं." शलाकानं मात्र दोनशे तास साडेचार महिन्यांत पूर्ण केले आणि नंतरही पट्टी काढली नाही. रोज पहाटे ती चिठ्ठी उचलायची, त्यावरच्या विषयावर पाच मिनिटं बाजूने बोलायची, श्वासही न घेता पाच मिनिटं विरुद्ध. वाक्य संपायच्या आत पुढचं वाक्य घशात हजर असायचं. नळ सोडल्यासारखं. त्या वर्षी तिनं अमरावती, अकोला, नागपूर, पुणे केलं. सतरा ठिकाणी पहिली आली. वर्तमानपत्रांनी तिला 'न अडखळणारी वक्त्री' म्हटलं. फिरता करंडक कॉलेजच्या काचेच्या कपाटात मावेना, म्हणून प्राचार्यांनी नवं कपाट करून घेतलं.

बाबा प्रत्येक स्पर्धेला जमेल तसे यायचे. मागच्याच खुर्चीत बसायचे, टाळ्या वाजवायचे. एकदा फक्त म्हणाले, "आता तुझं ऐकताना मला तू दिसत नाहीस गं. भाषण दिसतं." शलाकानं त्यांना तिथल्या तिथे पटवून दिलं की वक्ता दिसेनासा होणं हीच वक्तृत्वाची परमावधी. त्यांनी मान डोलावली.

पहिला तडा गेला तो निहालमुळे. अमरावतीची अंतिम फेरी जिंकल्यावर कॉलेजच्या कँटीनमध्ये तो म्हणाला, "पुढच्या वर्षी मी मंडळात नाही."

शलाकानं तिथल्या तिथे त्याला सात कारणं सांगितली, का सोडू नये याची. त्याच्या करिअरचं, संघाचं, मॅडमच्या कष्टांचं. प्रत्येक कारणाला एक उदाहरण. निहालचा चहा गार झाला.

"एकही मुद्दा मला खोडता येत नाही," तो शेवटी म्हणाला. "तरी पटलं नाही. आणि तू मला एकदाही विचारलं नाहीस, का सोडतोय म्हणून."

"कारण विचारणं हे निर्णय बदलण्याच्या दृष्टीनं गौण असतं, कारण एकदा का..." तिचं वाक्य सुरूच होतं. निहाल उठून गेला होता. रिकाम्या खुर्चीसमोर तिनं ते वाक्य पूर्ण केलं, आणि पूर्ण झाल्यावर तिला धक्का बसला. आपल्याला हे बोलायचं नव्हतं. आपल्याला म्हणायचं होतं, जाऊ नको नं रे.

तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये बाबांच्या छातीची तपासणी झाली. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीला फुगवटा आला होता, सायकलच्या ट्यूबला येतो तसा. नागपूरच्या शल्यविशारदांनी समोर बसवून नीट समजावलं. फुगवटा अगदी सीमेवर आहे. शस्त्रक्रिया केली तर शंभरातले चार-पाच जण दगावतात. नाही केली तर वर्षभरात तो फुटण्याचा धोकाही जवळपास तेवढाच. थांबायचं ठरवलं, तर दर सहा महिन्यांनी तपासणी, रक्तदाबाची गोळी, वजन उचलायचं नाही. "दोन्ही निर्णय वैद्यकाच्या दृष्टीनं योग्य आहेत," ते म्हणाले. "घरी बोला."

घरी येऊन तिघंही चार दिवस त्यावर काहीच बोलली नाहीत. पाचव्या दिवशी, रविवारी, रूपाली, म्हणजे शलाकाची आई, गच्चीवर उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. शलाका वर आली तशी ती हळूच म्हणाली, "तू समजाव नं त्यांना. करून टाकू म्हणावं ऑपरेशन. मला रोज त्यांच्या छातीकडे पाहून धडकी भरते. तुझं ऐकतील."

तेवढ्यात बाबा जिन्यानं वर आले. ते पायरीवर थांबत थांबत आले होते. आईच्या बाजूला चटईवर बसले, दोन शेंगा हातात घेतल्या आणि बराच वेळ त्या तशाच धरून बसले.

"शलाके," ते म्हणाले, "मला वाटतं थांबावं. पण मला माझा भरवसा नाही, मी भ्यालेला माणूस आहे. तू सांग. स्पर्धेतल्यासारखं नको. तुला आतून काय वाटतं ते सांग."

आतून शलाकाला काय वाटत होतं? पुढे कितीतरी दिवस तिनं ते आठवायचा प्रयत्न केला. काहीतरी होतं एवढं नक्की. पोटात खोल, थंडगार, अजून शब्द न झालेलं. त्याला वर यायला थोडा वेळ हवा होता. पण कानात आईचं शेवटचं वाक्य होतं, करून टाकू म्हणावं. आणि गेलं दीड वर्ष, शेवटची ऐकलेली बाजू हीच तिची बाजू होती. घशात पहिलं वाक्य उतरलेलं होतं.

"बाबा, थांबणं म्हणजे निर्णय न घेणं नव्हे, तोही एक निर्णयच आहे," तिनं सुरुवात केली.

अकरा मिनिटं ती बोलली. सीमारेषा म्हणजे काय, आज शरीर शस्त्रक्रिया सोसेल पण पाच वर्षांनी सोसेल का, भीतीच्या छायेत काढलेलं वर्ष हे जगलेलं वर्ष असतं का. आवाज कुठे उंचवायचा आणि कुठे खाली आणायचा ते तिला ठाऊक होतं. आई पदर डोळ्यांना लावून ऐकत होती. बाबा तिच्या तोंडाकडे पाहत होते. नजर न हलवता, जमिनीच्या वादात दोघांचं ऐकताना पाहत तसे. मध्ये एकदा त्यांचे ओठ हलले, जणू तिला वाक्याच्या एखाद्या वळणावर भेटायला ते थांबले होते. पण ती त्या वळणावरून सरळ पुढे गेली.

ती थांबली तेव्हा बाबा म्हणाले, "ठीक आहे. करू."

"खरंच?" आई म्हणाली.

"हो. ती कुठेही अडखळली नाही, रूपा. तिच्या मनात जरा जरी शंका असती तर ती थांबली असती. मी तिला ओळखतो." मग शलाकाकडे वळून त्यांनी विचारलं, "तुला खात्री आहे नं?"

नाही, बाबा. हे दोन शब्द कुठूनतरी निघाले होते. पण त्यांच्या कितीतरी आधी तिला स्वतःचा स्वच्छ, ठाम आवाज ऐकू आला.

"हो बाबा. पूर्ण खात्री आहे."

शस्त्रक्रिया जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. ती व्यवस्थित पार पडली, कोणाची काही चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी बाबांनी डोळे उघडले, रूपालीचा हात धरला. तिसऱ्या दिवशी सकाळी एक गुठळी सुटून मेंदूत गेली, आणि दुपारी सव्वादोनला मुकुंद बोधनकर गेले. शंभरातल्या त्या चार-पाचांत.

चौदाव्या दिवशी कार्यालयाच्या सभागृहात शोकसभा होती. गावोगावचे शेतकरी आले होते. ज्यांची भांडणं बाबांनी मिटवली ते भाऊ शेजारी शेजारी बसले होते. एक म्हातारा उठला, "बोधनकर साहेब आमच्या वावरात..." एवढं म्हणाला आणि हुंदका आला म्हणून खाली बसला. त्याच्यानंतर सूत्रसंचालकानं शलाकाला बोलावलं.

तिला बोलायचं नव्हतं. तिला त्या म्हाताऱ्यासारखं खाली बसायचं होतं. पण माईकसमोर उभी राहिली आणि नळ सुटला. बाबांची सावकाशी, बाबांची मोजपट्टी, दोन बांधांमधला माणूस. सुरुवातीला एक गोष्ट, मध्ये एक विनोद, शेवटी तीन छोटी वाक्यं. सगळं सभागृह रडलं. तिचे डोळे कोरडे होते. खाली उतरली तशा जिरापुरे मॅडम पुढे आल्या, तिचे दोन्ही हात धरले आणि दोन तपांच्या सवयीनं बोलून गेल्या, "अप्रतिम बोललीस." मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी तोंडावर हात दाबून धरला आणि भिंतीकडे वळून त्या हमसून रडू लागल्या.

निहाल शेवटच्या रांगेत होता. तो आला, शलाकाच्या पिशवीत पाण्याची बाटली ठेवून गेला.

त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. "मीच म्हटलं होतं तुला," ती म्हणाली. "समजाव त्यांना. मीच म्हटलं."

"आई, तुझा त्यात काही दोष नाही," शलाका ताबडतोब म्हणाली. "एक तर आकडेवारी दोन्ही बाजूंना समान होती. दुसरं, निर्णय शेवटी त्यांनी घेतला. तिसरं, तू जे म्हणालीस ते काळजीपोटी, आणि काळजीला दोष..."

"गप्प बस गं." आईचा आवाज फाटला. "एकदा तरी गप्प बस."

शलाका गप्प बसली. ओठ घट्ट मिटून, दातांवर दात. घशात चौथा मुद्दा, पाचवा मुद्दा येतच होते.

त्याच रात्री तिनं पट्टी काढून फेकून दिली. काही फरक पडला नाही. पट्टीची गरज कधीच संपली होती.

महिन्याभरानं तिनं आईसमोर बसून खरं काय ते सांगितलं. तिला आता ते सापडलं होतं. "मला वाटत होतं त्यांनी थांबावं. मला भीती वाटत होती. ते मी त्यांना सांगितलं नाही, मी त्यांना दुसरंच काहीतरी पटवून दिलं, आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला." प्रत्येक शब्द खरा होता. पण वाक्यं अशी घडीव निघाली, शेवटच्या शब्दाआधी आवाज असा नेमका खाली आला, की तिच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला.

आईनं ऐकून घेतलं. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती म्हणाली, "हेही छान बोललीस."

"आई, खरं बोलतेय मी."

"असशील. पण तू खरं बोलतेस की छान बोलतेस, ते मला आता ओळखू येत नाही. त्यांनासुद्धा ओळखू आलं नाही." आणि उठून ती देवघराकडे गेली.

नागपूरला डॉ. नीलोफर काझी नावाच्या वाणीतज्ज्ञ होत्या. ओघपट्टीच्या इतर मुलांच्याही तक्रारी त्यांच्याकडे येऊ लागल्या होत्या. एका मुलाचं लग्न मोडलं होतं, एका मुलीनं मैत्रिणीला असं काही सुनावलं होतं की ती परत बोलली नाही. त्यांनी शलाकाच्या मेंदूची चित्रं पडद्यावर दाखवली. "वापरात नसलेली पाऊलवाट गवतात बुजते तसं झालंय. तो ब्रेक नुसता स्टेजच्या भीतीचा नव्हता. बोलण्याआधी आपण स्वतःला विचारतो, समोरच्याचा चेहरा पाहतो, ते सगळं त्याच वाटेवर होतं. पट्टीला भीती आणि विवेक यांतला फरक कळत नाही. तिला दोन्ही नुसते अडथळेच."

"परत येईल?"

"थोडं येईल. वर्ष लागेल, दोन लागतील. पूर्ण येईल असं मी सांगणार नाही." त्यांनी एक कोरा कागद आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. "लिहिण्याची वाट वेगळी आहे. हात जिभेपेक्षा मंद आहे, आणि लिहिलेलं डोळ्यांना परत दिसतं. तिथून सुरुवात करू. ज्याच्याशी बोलता येत नाही अशा कोणाला तरी लिहा."

शलाका नागपूरलाच खोली घेऊन राहिली. यवतमाळहून निघताना बसस्थानकावर आई आली होती. डब्यात दशम्या दिल्या, खिडकीपाशी उभी राहिली. गाडी सुरू होताना म्हणाली, "फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की..." पुढचं तिला बोलता आलं नाही. शलाकाला त्या क्षणी आईचा हेवा वाटला.

पहिलं पत्र लिहायला तिला सहा दिवस लागले. 'प्रिय आई' लिहून झाल्यावर पेन आपोआप पळायचं. पानभर सुरेख मजकूर व्हायचा आणि ती तो फाडून टाकायची. तिसऱ्या दिवशी तिनं फाडणं सोडलं आणि खोडायला सुरुवात केली. 'मला पश्चात्ताप होतो' लिहिलं, वाचलं, खोडलं. 'बाबा माझ्यामुळे गेले' लिहिलं, बराच वेळ पाहिलं, खोडलं. 'मी घाबरले होते' लिहिलं, खोडलं, तेच परत लिहिलं. 'त्यांनी मला विचारलं खात्री आहे का' इथे पेन कागदावर टेकून राहिलं आणि शाईचा एक डाग पसरला. सहाव्या दिवशी कागदावर न खोडलेल्या अशा दोनच ओळी उरल्या: 'मला बाबांची फार आठवण येते. तुझी पण.' बाकी सगळा कागद काळा झाला होता. स्वच्छ उतरवून काढावा असं तिला वाटलं. मग तिनं तो तसाच पाकिटात घातला.

उत्तर यायला पंधरा दिवस लागले. आईचं अक्षर मोठं, ओळी खाली उतरत गेलेल्या.

'पत्र मिळालं. उजेडाकडे धरून खोडलेलं सगळं वाचलं. फोन अजून करू नको. अजून एक लिही.'